एकोणपन्नास नंबरची विहीर

१

गुरुवारी सकाळी पावणेआठला अनिल देवस्थळी मिशिगनमधल्या नोव्हायला सुवर्णाच्या घराच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या एका पायात काळा बूट होता आणि दुसऱ्यात तपकिरी. सुलभाताईंचं लक्ष आधी तिकडे गेलं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे.

"लॅबमधून दोन बाटल्या गायब झाल्यात," ते आत येता येताच म्हणाले. "सुवर्णा, सई कुठे आहे?"

"वर आहे, आवरतेय. अनिलकाका, आधी बसा तरी. कसल्या बाटल्या?"

सुवर्णा ही सुलभाताईंच्या बहिणीची मुलगी, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. तिची सई वीस वर्षांची. कॉलेजात पर्यावरण शिकत होती आणि या सत्रात अनिलरावांच्या लॅबमध्ये इंटर्न होती. सुलभाताई सांगलीच्या नगरपालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेल्या, महिन्याभरापूर्वीच भाचीकडे आल्या होत्या. अशा वेळी आपण थांबावं की खोलीत जावं, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी चहा टाकायच्या निमित्ताने त्या गॅसपाशी उभ्या राहिल्या.

अनिलरावांनी सांगितलं ते असं. ह्युरॉन सरोवराच्या काठावर हेरॉन पॉइंट नावाचं एक बंद पडलेलं अणुवीज केंद्र होतं. वीज केव्हाच थांबली, पण वापरलेलं इंधन तिथेच राहिलं, काँक्रीटच्या मोठाल्या पिंपांत, पाण्यापासून अर्ध्या मैलावर. सरोवर दोन देशांचं. अलीकडे मिशिगन, पलीकडे कॅनडा, आणि दोन्हीकडची गावं तेच पाणी पितात. म्हणून तिथे जमिनीत चोवीस विहिरी घेतल्या होत्या, नंबर मात्र केंद्राच्या जुन्या नकाशातले. विहिरी आपल्या नावाला. मनगट जाईल एवढे पाइप. दर तीन महिन्यांनी प्रत्येकीतून दोन बाटल्या पाणी काढायचं आणि त्यात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य किती आहे ते मोजायचं, हे अनिलरावांच्या लॅबचं काम.

"४९ नंबरची विहीर पिंपांच्या आवाराला लागून, उंचावर. तिच्यात ट्रिटियम असतंच. फार वर्षांपूर्वी तिथली एक टाकी गळली होती, ते अजून जमिनीत आहे. दोन्ही सरकारांना ठाऊक आहे. पण ५१ अगदी काठाला आहे. तिच्यापुढे थेट सरोवर. ती आजवर स्वच्छ होती." सुलभाताईंनी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. "काल सॅम्पल आली, रात्रभर मशीन चाललं. पहाटे ५१चा आकडा आला. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या तिप्पट."

"बापरे," सुवर्णा म्हणाली. "म्हणजे सरोवरात गळतंय?"

"तसं असेल तर दोन्हीकडचे नळ बंद करावे लागतील. पण मला तसं वाटत नाही. कारण ४९च्या दोन्ही बाटल्या जागेवर नाहीत. पाणी काढायला माझा यतीन गेला होता, त्याने काल एअरपोर्टवरून मला मेसेज केला, '४९ झाली, निघतो.' झाली, तर बाटल्या गेल्या कुठे? मला वाटतं, कोणीतरी ४९चं पाणी ५१च्या बाटल्यांत भरलं. मुद्दाम. खळबळ उडावी म्हणून."

"असं कोण करेल?"

अनिलरावांनी कपात पाहत उत्तर दिलं. "लेबलं लावणं आणि सील करणं, दोन्ही कामं सईची होती."

२

सई ओले केस पुसत जिन्यावरून उतरली आणि तिसऱ्या पायरीवरच थांबली. तिने शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"आय डिडन्ट डू एनीथिंग, काका."

"मी कुठे म्हणतोय केलंस?"

"म्हणताय. यू जस्ट डिड."

तिच्या खोलीच्या दारावर 'सरोवर आमचं' असा भला मोठा इंग्रजी फलक होता. गेल्या शरदात हेरॉन पॉइंटच्या फाटकासमोर तिने तो सहा तास धरून ठेवला होता. हे अनिलरावांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी तिला कामावर घेतलं होतं. ओरडणाऱ्याने मोजायलाही शिकावं, असं तेव्हा ते हसत म्हणाले होते. आता ते हसत नव्हते.

"उद्या दहाला तिथल्या टाउन हॉलमध्ये दोन्ही देशांची बैठक आहे. मला काहीतरी एक सांगावं लागेल. गळती आहे म्हणालो, तर लाखो माणसं घाबरतील. सॅम्पल बदललं म्हणालो, तर तो गुन्हा आहे. चौकशी केंद्र सरकारची होईल. तेव्हा मी काका म्हणून काही करू शकणार नाही, बेटा."

सुवर्णा उठून सईच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"काल काय झालं ते सांग," अनिलराव म्हणाले.

सईने सांगितलं. यतीन पाणी काढायचा, ती लेबलं लावून नोंद करायची. दिवसभर व्हॅन विहिरीपर्यंत जात होती. शेवटच्या दोन विहिरी राहिल्या तेव्हा वाट निसरडी झाली, म्हणून यतीन एकटा चालत गेला आणि वॉकीटॉकीवरून बोलत राहिला. "ही सेड फिफ्टी-वन इज डन. मग म्हणाला, फॉर्टी-नाइन राहिली, बर्फ आहे. मग तो बाटल्या घेऊन आला, मी ५१ची लेबलं लावली, सील केलं. दॅट्स इट. त्याला फ्लाइट होती, त्याने सही केली आणि पळाला."

"यतीन म्हणतो ४९ झाली. तू म्हणतेस ४९ राहिली."

"मग तो खोटं बोलतोय!"

"त्याला विचारू या की," सुवर्णा म्हणाली.

"बहिणीच्या लग्नाला निघालाय. स्वस्तातलं तिकीट, दोन ठिकाणी थांबे. उद्यापर्यंत फोन बंद. नागपुरातला नंबर माझ्याकडे नाही."

दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता आणि त्यांपैकी एक आभाळात होता. दुसरी समोर पायरीवर बसून नखं खात होती. सुलभाताईंनी तिच्याकडे पाहिलं. हीच मुलगी गेल्या आठवड्यात त्यांना सांगलीच्या मैत्रिणीला, लताला, फोन लावून देत होती. सुलभाताईंनी जुन्या सवयीने नंबर जोडीजोडीने सांगितला, सईने तो टाइप केला, आणि लताऐवजी लागला भुसावळचा कोणी टायरवाला. फोन ठेवायचा सोडून सई त्याच्याशी पाच मिनिटं बोलली, तेही मोडक्या मराठीत, आणि त्याच्या नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन मोकळी झाली. असली मुलगी दोन देशांचं पाणी विषारी ठरवायला बाटल्या बदलेल?

पण आपल्याला असं वाटतं म्हणून ते खरं थोडंच ठरतं! शाळेत किती वेळा त्यांनी भलत्याच पोराला निर्दोष मानलं होतं.

"अनिलराव," त्या म्हणाल्या, आणि आपला आवाज इतका बारीक कसा झाला याची त्यांना लाज वाटली. "मी आले तर चालेल का लॅबमध्ये? मला त्यातलं काही कळत नाही. पण चुका तपासण्यातच जन्म गेला माझा."

सुवर्णा म्हणाली, "मावशी, अगं तू काय करणार तिथे?"

"तेच मलाही माहीत नाही," सुलभाताई म्हणाल्या आणि स्वेटर आणायला आत गेल्या.

३

लॅबमध्ये मशीन आणि फ्रिजची किल्ली आश्लेषाच्या ताब्यात होती. मुंबईची, तिशीतली, तोंडाने फटकळ. रात्रभर जागल्याने डोळे लाल. अनिलरावांनी महिन्यापूर्वी तिची रजा नाकारली होती आणि यतीनची मंजूर केली होती, हे सुवर्णाने गाडीतच सांगून ठेवलं होतं.

"या मावशी, आता तुम्ही पण या," आश्लेषा म्हणाली. "सकाळपासून सगळे माझ्या किल्लीकडेच बघतायत. मला बाटल्या बदलायच्या असत्या तर मी एवढ्या मूर्खपणाने बदलल्या असत्या का? एक विहीर अख्खी गायब करून?"

"छे, छे. मी फक्त विचारते हं. बाटल्या तुझ्याकडे आल्या तेव्हा किती होत्या?"

"शेहेचाळीस. सईसमोर मोजल्या, दोघींनी सह्या केल्या. चोवीस विहिरींच्या अठ्ठेचाळीस व्हायला हव्या होत्या. मी विचारलं, तर ती म्हणाली, फॉर्टी-नाइन स्किप झाली. मी म्हटलं, ठीक आहे यार, होतं कधीकधी."

"आणि सील?"

"एकही फुटलेलं नव्हतं. मीच फोडली, कॅमेऱ्यासमोर. हवं तर व्हिडिओ बघा."

म्हणजे बाटल्या लॅबमध्ये हरवल्याच नव्हत्या. जे काही घडलं ते इथे येण्याआधी घडलं, व्हॅनपाशी, जिथे फक्त दोन माणसं होती. सुलभाताई सईला वाचवायला आल्या होत्या आणि पहिल्याच प्रश्नात त्यांनी फास आणखी आवळला होता.

आश्लेषाने आवाज खाली आणला. "मावशी, एक सांगू? सई चांगली आहे. पण यतीनला हे करून काय मिळणार? मोर्चाचे फलक तो नाही धरत."

४

सई लॅबच्या जेवणाच्या खोलीत बसली होती. समोर कालच्या नोंदीचा कागद. अनिलराव आणि आश्लेषा दाराशी उभे, सुवर्णा लेकीच्या बाजूला.

सुलभाताईंनी चष्मा पुसला आणि कागद जवळ घेतला. इंग्रजी आकड्यांचे रकाने. विहिरीचा नंबर, वेळ, पाणी किती खोलीवर लागलं. ५१च्या ओळीत लिहिलं होतं, अठरा फूट. ४९च्या ओळीत नुसती रेघ, आणि पुढे 'बर्फ'.

"हे सगळं तू कधी लिहिलंस?"

"देअर अँड देन. तो रेडिओवर सांगत होता, मी लिहीत होते. आणि तिथूनच अनिलकाकांना फोटो पाठवला. तीन वाजून दहा मिनिटांनी."

"अनिलराव, ५१मध्ये पाणी एरवी किती खोल असतं?"

"सहा फूट. काठालाच आहे ना, फार तर सात." बोलता बोलता ते पुढे आले. "का? काय लिहिलंय?"

"अठरा."

"शक्यच नाही. अठरा तर ४९ला असतं. ती उंचावर..." ते कागदाकडे बघतच राहिले. पहाटेपासून त्यांनी फक्त ट्रिटियमचा आकडा पाहिला होता. खोलीच्या रकान्याकडे कोण बघतो!

काहीतरी होतं, पण ते सुलभाताईंच्या हाती लागत नव्हतं. मुलीने लबाडी केली असती, तर तिने खोली सहाच लिहिली असती. मग अठरा कुठून आलं? यतीनच्या तोंडून. म्हणजे यतीन खरोखर ४९वर उभा होता. म्हणजे त्याने ४९ म्हटलं, आणि हिने लिहिलं ५१. दोन माणसं, दोघंही खरं बोलणारी.

"सई," त्या म्हणाल्या, "यतीन काय म्हणाला, ते परत सांग."

"किती वेळा, आजी? ही सेड फिफ्टी-वन इज डन."

"असंच म्हणाला? फिफ्टी-वन, डन?"

"म्हणजे... मराठीत म्हणाला. तो कायम मराठीतच बोलतो माझ्याशी. काम करताना इंग्लिश आकडे सुचत नाहीत म्हणतो."

सकाळपासून सगळ्यांनी सईची साक्ष ऐकली होती, पण ऐकलं होतं ते भाषांतर. मूळ शब्द कोणी विचारलेच नव्हते.

"कोणाकडे कोरा कागद आहे का?" सुलभाताईंनी विचारलं. "आणि पेन्सिल?"

५

"मी आकडे सांगते, तू लिही," सुलभाताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखीचा वाटला. चौतीस वर्षं दर सोमवारी त्या असंच सांगत आल्या होत्या. "इंग्रजी आकड्यांत लिही. अठरा."

सईने लिहिलं, 18.

"एकोणीस."

19. "वीसपर्यंत येतं मला, आजी. मराठीच्या संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं."

"शाब्बास. एकोणतीस."

सई थबकली, ओठ हलवले आणि लिहिलं, 31.

सुवर्णाने तोंडावर हात ठेवला.

"एकोणसाठ."

61.

भुसावळच्या टायरवाल्याला फोन का लागला होता, ते सुलभाताईंना तेव्हा कळलं. लताच्या नंबरात एकोणसाठ होते.

"आता शेवटचा. एकोणपन्नास."

सईने न अडखळता लिहिलं, 51. मग सगळे गप्प का आहेत ते बघायला तिने मान वर केली. "काय? एक आणि पन्नास. फिफ्टी-वन."

"नाही गं बाळा," सुलभाताई म्हणाल्या. "एकोण म्हणजे एक कमी. एक कमी पन्नास. फॉर्टी-नाइन. दुसरीतली निम्मी पोरं इथेच चुकतात."

"एक मिनिट," आश्लेषा दारातून म्हणाली. "सॉरी, पण हे ती आत्ता मुद्दामही चुकवू शकते ना? आणि यतीन त्यानंतर ५१ला काय म्हणाला? एक्कावन्न ऐकल्यावर तरी कळायला हवं होतं."

"कसं कळणार?" सई पुटपुटली. तिचा रंग उतरला होता. "माझ्या हातात दोनच विहिरींची लेबलं उरली होती. मला वाटलं, ५१ तर झाली. मग तो म्हणाला, एक्का-काहीतरी राहिली, बर्फ. आय फिगर्ड, उरलेली म्हणजे ४९."

"आणि मुद्दाम म्हणशील तर," सुलभाताई चाचरत म्हणाल्या, "मी चुकत असेन तर सांगा हं. पण कागदाचा फोटो काल तीन-दहाचा आहे. तेव्हा ट्रिटियमचा आकडा कोणाकडेच नव्हता. त्यात अठरा फूट लिहिलंय. पाणी बदलणारा माणूस आपल्याविरुद्धचा पुरावा आधीच लिहून अनिलरावांना पाठवेल का? आणि बर्फाचंही बघा. पाइपाचं झाकण गोठेल असं बर्फ कुठे साचतं? लाटांचं पाणी उडतं तिथे, काठाला. उंचावरच्या ४९वर कसं साचेल? यतीन खरंच बोलला, ४९ झाली. सईपण खरं बोलली, तिला ऐकू आलं ते. बाटल्या गायब झाल्याच नाहीत. ४९च्या बाटल्या ५१चं नाव लावून इथे फ्रिजमध्ये बसल्यात."

अनिलरावांनी कागदाखालच्या सहीवर बोट ठेवलं. "आणि यतीनने न वाचता सही ठोकली. विमान चुकेल म्हणून."

"आजी!" सईने त्यांना मिठी मारली. सुवर्णा रडायलाच लागली. आश्लेषा म्हणाली, "मी आज कोणासमोर तरी मराठी आकडे म्हणाले तर मला थांबवा."

फक्त अनिलराव हसले नाहीत.

"एक राहिलं," ते म्हणाले. "५१ची बाटली कोणी भरलीच नाही. म्हणजे काठाच्या पाण्यात आज काय आहे, ते आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही."

६

त्या दुपारी अनिलराव पहार घेऊन स्वतः गेले. केंद्राचा एक अधिकारी साक्षीला होता आणि लेबलं लावायला सई. सुवर्णा आणि सुलभाताई कुंपणाबाहेर गाडीत बसून राहिल्या. झाकणावर वीतभर बर्फ होतं. ते फोडायला पाऊण तास लागला. पाणी सहा फुटांवर लागलं. या वेळी अनिलराव इंग्रजीत ओरडले, "फाइव्ह! वन!" आणि सईने तो आकडा दोनदा परत म्हणून दाखवला.

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला टाउन हॉलच्या वाहनतळावर आश्लेषाचा फोन आला. अनिलरावांनी तो स्पीकरवर टाकला. पण बोलायच्या आधी तिने एक लांब श्वास घेतला, आणि तेवढ्या वेळात सुवर्णाने मावशीचा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"क्लीन," आश्लेषा म्हणाली. "पूर्ण क्लीन. पावसाच्या पाण्यात असतं तेवढंही नाही. दोन्ही बाटल्या. आणि हो, जुन्या बाटल्यांचा आकडा ४९च्या मागच्या आकड्याशी तंतोतंत जुळतो. आता मी घरी जाऊन झोपते. फोन करू नका."

सुलभाताईंनी रुतलेली बांगडी सरळ केली. त्या गाडीला टेकल्या. समोर सरोवर पसरलं होतं, पलीकडचा कॅनडा दिसतही नव्हता, नुसतं पाणी.

बैठकीत अनिलराव बोलायला उठले, तर सई आधीच उभी राहिली होती. चूक तिने स्वतः सांगितली, सगळी, इंग्रजीत, मान वर करून. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला कॅनडाच्या प्रतिनिधी लूसी त्रांब्ले बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, कडक चेहऱ्याच्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुमच्या भाषेत फॉर्टी-नाइनला 'एक कमी पन्नास' म्हणतात?"

"हो."

"माझी मातृभाषा फ्रेंच आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही नाइन्टी-नाइनला 'चार विसा, दहा आणि नऊ' म्हणतो. चाळीस वर्षं मी इंग्रजीत काम करते, आणि परवाच माझ्या नातवाला चुकीच्या बसमध्ये बसवलं." मग त्यांचा चेहरा पुन्हा कडक झाला, पण वेगळ्या तऱ्हेने. "आजपासून दोन्हीकडच्या विहिरींचे नंबर एकेक अंक करून बोलायचे, आणि ऐकणाऱ्याने परत म्हणायचे. असा नियम लिहून घ्या. आणि मिस... सई? पुढच्या तिमाहीला आमच्या बाजूच्या विहिरींना तुम्ही या. स्वतःची चूक अशी सांगणारी माणसं मला नोंदीला हवीच आहेत."

४९मधलं पाणी तसंच होतं, ते कोणी नाकारलं नाही. ते किती सरकतंय, कधी उपसायचं, यावर मग तासभर चर्चा झाली. पण त्या तासात नळ बंद करायची भाषा कोणी काढली नाही, आणि चौकशीचीही.

बाहेर आल्या आल्या अनिलरावांचा फोन वाजला. अनोळखी नंबर, भारतातला. मागे सनई आणि पोरांचा कालवा.

"सर, यतीन बोलतोय! आत्ताच घरी पोचलो. फोन चालू केला तर तुमचे सतरा मिस्ड कॉल. काय झालं सर? मी सांगितलं होतं ना सईला, एकोणपन्नास झाली, एक्कावन्न बर्फामुळे राहिली..."

सईने अनिलरावांच्या हातातून फोन घेतला.

"यतीनदादा, एक प्रश्न. एकोणपन्नासला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

"फॉर्टी-नाइन. का गं?"

वाहनतळावर चौघंजण इतक्या जोरात हसले, की नागपूरच्या मांडवात यतीन कितीतरी वेळ "हॅलो? हॅलो?" करत राहिला.